सुरुंगवाल्याने उघडलेली गुहा

त्या गावात दुपारचे बारा वाजल्याचं घड्याळ सांगत नसे, सुरुंगवाला सांगत असे. आधी खाणीवरचा भोंगा तीनदा वाजायचा. मग जमिनीच्या पोटात गडगडल्यासारखा दणका व्हायचा आणि घराघरांतल्या फळीवरची भांडी किणकिणायची. बायका चुलीपुढून न उठता पातेल्यावरचं झाकण हाताने दाबून धरायच्या. शाळेत मास्तरांचा खडू फळ्यावर क्षणभर थांबायचा आणि पुढे चालू लागायचा. बावीस वर्षं हे असंच चाललं होतं.

सुरुंगवाला बुटका, रुंद खांद्यांचा, हळू बोलणारा माणूस होता. रोजच्या दणक्यांनी त्याचा डावा कान कामातून गेला होता, म्हणून कुणी बोलू लागलं की तो उजवा कान पुढे करून वाकायचा. नवख्या माणसाला वाटायचं, हा आपलं बोलणं फारच मनावर घेतोय. तसं तो घ्यायचाही.

त्याला चुनखडीच्या खाणीत आणलं ते त्याच्या थोरल्या भावाने. वडील गेले तेव्हा हा दहा वर्षांचा होता आणि दादा एकोणीसचा. दादाने शिक्षण सोडलं, ड्रिल हातात घेतलं आणि धाकट्याला वाढवलं. पुढे दोघे एकाच खाणीत लागले. दगडात भोकं पाडायची दादाने. त्यांत दारू भरायची, वरून माती ठासायची, वायरी जोडायच्या आणि सुरुंग उडवायच्या पेटीची दांडी दाबायची धाकट्याने. दादाची भोकं ओळंब्याने मारल्यासारखी सरळ असत. धाकटा म्हणायचा, "दादाच्या भोकात सुरुंग भरायचा म्हणजे आयत्या ताटावर बसायचं." दोघांची घरं एकाच छपराखाली होती. पुढचा ओटा सामाईक होता, आणि दोन स्वयंपाकघरांच्या मधल्या भिंतीत एक दार होतं. ते कधी लागलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

ज्या दिवशी गुहा उघडली, त्या दिवशी पूर्वेकडच्या दगडाला नऊ सुरुंग लावले होते. खाणीतला सगळ्यात पांढरा, सगळ्यात चोख दगड तिकडेच होता. नऊ सुरुंग थोड्या थोड्या अंतराने उडायचे, आणि सुरुंगवाला चांगल्या कानाने दणके मोजायचा. त्या दिवशी त्याने आठच मोजले. आठवा तर काही वेगळाच होता, रिकाम्या पिंपावर कुणी काठी मारावी तसा. आणि धूळ वर उठायच्या ऐवजी आत गेली. कुणीतरी श्वास ओढावा तशी ती दगडातल्या एका काळ्या भगदाडात ओढली गेली.

एखादा सुरुंग उडायचा राहिला, तर सुरुंगवाल्याने तपासल्याशिवाय कुणी जवळ फिरकायचं नाही, असा नियम होता. म्हणून तो एकटाच गेला. नववा सुरुंग ज्या दगडात होता तो दगडच आत घसरला होता. त्याने कमरेला दोर बांधला, हेल्मेटवरचा दिवा लावला आणि भगदाडातून आत उतरला. ढिगाऱ्यात नववा सुरुंग सापडला. वायर तुटलेली होती. त्याने तो नियमाप्रमाणे निकामी केला, हात पुसले आणि मग मान वर केली.

दिव्याचा उजेड पलीकडच्या भिंतीपर्यंत पोचत नव्हता. डोक्यावर छतापासून पांढऱ्या नळ्या लोंबत होत्या, पेनातल्या रिफिलएवढ्या बारीक, हजारोंनी. कुठे दगडाचे खांब वरून खाली आणि खालून वर येऊन एकमेकांना भिडले होते. एका बाजूला दगडाचा पातळ पडदा होता, धुवून वाळत टाकलेल्या चादरीसारख्या घड्या पडलेला. पाणी इतकं नितळ की ते पाणी आहे हे त्याला बुटात शिरल्यावर कळलं. आणि कुठेतरी थेंब पडत होता. थांबत होता. पुन्हा पडत होता.

एक पाऊल टाकलं तसं पायाखाली काहीतरी कुरकुरलं. त्याने खाली उजेड टाकला. जमिनीवर त्या नळ्यांचा खच पडला होता. भगदाडाजवळच्या छतावर नुसती मोडकी टोकं उरली होती, आणि प्रत्येक टोकातून पाण्याचा एकेक थेंब खाली येत होता. आयुष्यात त्याने डोंगरच्या डोंगर फोडला होता, पण फोडलेल्या दगडातून असं पाणी ठिबकताना कधी पाहिलं नव्हतं. भरल्या घरात भिंत पाडून शिरावं आणि घरातल्यांनी ओरडूही नये, तसं त्याला झालं. किती वेळ उभा होता कोण जाणे. बाहेरून दोर दोनदा ओढला गेला तेव्हा तो भानावर आला. एक तुटलेली नळी त्याने रुमालात गुंडाळून खिशात ठेवली आणि वर आला.

मॅनेजरसाहेब वाट बघत होते. त्याने सांगितलं, "साहेब, आत मोठी पोकळी आहे. गुहाच आहे. एकदा बघून तरी घ्या."

"पोकळ आहे? मग निम्मं काम देवानेच केलं म्हणायचं," साहेब हसले. "उद्या वरून बारा भोकं मारा. छत खाली बसवून टाकू."

दादा बाजूला बसून ड्रिलचं टोक पुसत होता. सुरुंगवाला त्याच्याकडे गेला. "दादा, आत येऊन बघतोस?"

"दगडात काय बघायचंय? रोज बघतो की," दादा म्हणाला.

संध्याकाळी दोघे नेहमीसारखे ओट्यावर बसले. दादा उद्याच्या बारा भोकांबद्दल बोलत होता, किती खोल, कुठल्या अंगाने. सुरुंगवाला कप हातात धरून नुसता ऐकत होता. आत आल्यावर बायकोने विचारलं, "काय झालंय?" त्याने रुमाल सोडून नळी दाखवली आणि सगळं सांगितलं. तिने नळी उजेडात धरली, आरपार बघितलं आणि विचारलं, "दादांना सांगितलंत?"

"नाही."

तिने नळी पुन्हा रुमालात गुंडाळली.

सकाळी त्याने खाणीवर आजारी असल्याचा निरोप धाडला, बावीस वर्षांत पहिल्यांदाच. पहिल्या गाडीने तो मोठ्या गावी गेला. जेवणाच्या डब्यात कापूस घालून त्यात नळी ठेवली होती. सरकारी कचेरीत पहिल्या खोलीने दुसऱ्या खोलीकडे बोट दाखवलं, दुसरीने तिसरीकडे. तिसऱ्या खोलीत दगडांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी डब्यात पाहिलं आणि खुर्चीवरून उभ्याच राहिल्या.

"हे कुठे मिळालं?"

"मिळालं नाही, बाई. मी फोडलं."

त्या दिवशी सुरुंग उडवायला कुणी नव्हतं. त्या दिवशी गावात बारा वाजलेच नाहीत. संध्याकाळच्या आत पूर्वेकडचं काम थांबवण्याचा हुकूम खाणीवर येऊन पोचला.

तो हुकूम पुढे कायमचा झाला. उरलेल्या बाजूचा दगड मातकट होता, त्याला गिऱ्हाईक मिळेना. दीड वर्षात खाण बंद पडली. साठ-पासष्ट घरांतली माणसं कामाला मुकली. सुरुंगवाला रस्त्याने निघाला की बोलणं थांबायचं. तोंडावर बोलणारे थोडे होते, आणि त्यांचं त्याला बरं वाटायचं. निदान उत्तर तरी देता यायचं. एकाने विचारलं, "दगडाची दया आली, माणसांची नाही आली?"

दादाला चार तासांच्या अंतरावर चुन्याच्या भट्टीवर काम मिळालं. जायच्या आदल्या दिवशी त्याने विटा आणल्या, माल कालवला आणि स्वयंपाकघरांमधलं दार बुजवायला घेतलं. सुरुंगवाला अलीकडे बसून थापीचा आवाज ऐकत होता. वीट बसत होती, थापी फिरत होती, पलीकडे उभी असलेली वहिनी, दादाची बायको, दिसेनाशी होत होती. भांडला असता तर बरं झालं असतं. पण दादाने तोंडातून एक शब्द काढला नाही. त्या दिवशीही नाही आणि पुढची अकरा वर्षंही नाही. महिन्यातून एकदा तो घरी यायचा, ओट्याच्या आपल्या बाजूला बसायचा आणि समोर रस्त्याकडे बघत राहायचा.

वहिनी मात्र मागच्या नळावर भेटायची. दोघं आपापल्या बादलीकडे बघत बोलायची.

"अबोला त्यांनी धरलाय, भाऊजी, मी नाही," ती म्हणायची. "पण तुमचं नाव निघालं की त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. मग मी तरी कशाला काढू?"

"तब्येत कशी आहे त्याची?"

"खोकतात. भट्टीवरचे सगळेच खोकतात म्हणे."

गुहेची मोजणी व्हायला, पायऱ्या बांधायला, दिवे लावायला तीन वर्षं गेली. लोकांना आत नेऊन दाखवायला माणूस हवा होता. बाई म्हणाल्या, या दगडाला तुमच्याइतकं कोण ओळखतं? आधी त्याला लाज वाटली. ज्याने दार फोडलं त्यानेच पाहुण्यांचं स्वागत करायचं, हे काही बरोबर दिसेना. पण घरी बसून तरी काय करणार होता? एकशे चौसष्ट पायऱ्या तो दिवसातून पाच वेळा उतरू-चढू लागला.

त्याची माहिती सांगायची पद्धत त्याची स्वतःची होती. बाईंनी लिहून दिलेला कागद त्याने पाठ केला होता, पण सुरुवात तो कागदातून करत नसे. खाली पोचलं की तो सगळ्यांना भगदाडापाशी थांबवायचा, छताकडच्या मोडक्या नळ्यांवर उजेड टाकायचा आणि म्हणायचा, "हे मी फोडलं. चुकून फोडलं, पण मीच. अशी नळी बोटाच्या रुंदीएवढी वाढायला शंभर वर्षं लागतात. म्हणून कुणी हात लावू नका." कुणी हात लावत नसे. एका शाळकरी मुलीने विचारलं होतं, "मग तुम्हाला शिक्षा नाही झाली?" तो म्हणाला, "चालू आहे." मुलं हसली. बरोबरच्या शिक्षिका हसल्या नाहीत.

अकराव्या वर्षी दादा कायमचा घरी आला. भट्टीच्या धुळीने छाती धरली होती. चार पावलं चालला तरी त्याला टेकायला लागायचं. बुजवलेल्या दाराच्या विटांमधून त्याचा खोकला अलीकडे ऐकू यायचा आणि सुरुंगवाल्याची बायको हातातलं काम थांबवून नवऱ्याच्या तोंडाकडे बघायची.

मग एका बुधवारी सकाळी, दहाच्या फेरीला, रांगेत सगळ्यात शेवटी दादा उभा होता. अंगात धुतलेला सदरा होता. पाळी आली तेव्हा त्याने तिकीट पुढे केलं, परक्या माणसापुढे करतात तसं. सुरुंगवाल्याने ते फाडून अर्धं परत दिलं. तुकडा वाकडा फाटला.

"एकशे चौसष्ट पायऱ्या आहेत," सगळ्यांना सांगायचं वाक्य त्याने सांगितलं. "ज्यांना दम लागतो त्यांनी..."

"मला वाचता येतं," दादा म्हणाला. "बाहेर पाटी लावलीये."

अकरा वर्षांतले हे पहिले शब्द.

त्या दिवशीच्या फेरीतल्या पंधरा माणसांना बहुधा वाटलं असेल की माहिती सांगणारा माणूस जरा चक्रम आहे. दर वीस पायऱ्यांवर तो थांबायचा. विसाव्या पायरीवर पायऱ्यांच्या सिमेंटबद्दल बोलला. चाळिसाव्या पायरीवर दिव्यांच्या वायरीबद्दल. साठाव्या पायरीवर त्याने कठड्याच्या लोखंडी नळाला गंज का चढत नाही हे इतकं सविस्तर सांगितलं की एका बाईंनी जांभई दिली. दादा सगळ्यांच्या मागे कठडा धरून धापा टाकत होता. श्वास जरा खाली बसला तसा तो वरून म्हणाला, "कठड्याचं एवढं काय पुराण लावलंयस? चल पुढे."

खाली भगदाडापाशी आल्यावर सुरुंगवाल्याने नेहमीसारखा छतावर उजेड टाकला. "हे मी..." एवढंच निघालं. त्याने सगळ्यांना पुढच्या पाण्यापाशी कठड्याला धरून थांबायला सांगितलं आणि तो मागे वळला.

दादा छताकडे बघत नव्हता. तो भगदाडाच्या कडेच्या दगडाशी उभा होता. तिथे दगडात वरून खाली आलेली अर्धगोल खाच होती. सुरुंग उडून समोरचा दगड गेला की भोकाचा मागचा अर्धा भाग असा राहतो. दादाने खाचेवरून तळवा फिरवला, वर हात पोचेल तिथून खाली गुडघ्यापर्यंत.

"हे तिसरं भोक," तो म्हणाला. "माझं."

"हो."

"सरळ आहे."

"तुझी सगळीच सरळ असायची, दादा."

दादा हळूहळू त्याच्या उजव्या बाजूला येऊन उभा राहिला. कुठल्या कानाने ऐकू येतं, ते तो विसरला नव्हता. मग त्याने वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. खांब पाहिले, तो दगडी पडदा पाहिला, पाण्यात उलटं पडलेलं छत पाहिलं. छाती भात्यासारखी वर-खाली होत होती.

"काम गेलं म्हणून मी बोलायचा थांबलो, असं वाटतं तुला?" त्याने विचारलं.

"गावाला तसं वाटतं."

"गावाचं सोड. आदल्या संध्याकाळी तू माझ्या शेजारी बसला होतास. मी उद्याच्या कामाचं बोलत होतो आणि तू ऐकत होतास. सकाळी मला न सांगता निघून गेलास. मी खाणीवर सगळ्यांना सांगत होतो, त्याला ताप आलाय. साहेब म्हणाले, खरं सांग. मी म्हणालो, साहेब, माझा भाऊ खोटं बोलणार नाही. आणि संध्याकाळी हुकूम आला. साठ माणसांसमोर मी खोटा पडलो."

हे सुरुंगवाल्याला माहीत नव्हतं. अकरा वर्षांत हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"तुला सांगितलं असतं, तर तू जाऊ नको म्हणाला असतास," अखेर तो म्हणाला.

"म्हणालोच असतो."

"आणि मग मी गेलो नसतो. तुझा शब्द मी कधी मोडलाय, दादा? म्हणून सांगितलं नाही."

पाण्यापाशी कुणीतरी खाकरलं. पुढे काय, म्हणून लोक मागे वळून बघू लागले होते.

"हेही खरं," दादा म्हणाला. "तरी सांगायला हवं होतंस."

"हो. हवं होतं."

याहून जास्त ते दोघे त्याविषयी कधी बोलले नाहीत. वर यायला त्यांना पाऊण तास लागला. शेवटच्या चाळीस पायऱ्या सुरुंगवाल्याने दादाच्या बगलेत हात घालून चढवल्या, आणि बाराच्या फेरीची माणसं वर उन्हात ताटकळत उभी राहिली.

त्यानंतर दादा आणखी तीनदा गुहेत आला, गुहा बंद असायची त्या सोमवारी. शेवटच्या खेपेला चाळिसाव्या पायरीच्या पुढे त्याला जाता आलं नाही. तिथेच दोघे बसले. खालून गार हवा येत होती. दादा म्हणाला, ही हवा छातीला बरी वाटते. मग गुहेपर्यंत चालणंही संपलं आणि ओट्यावर बसणं सुरू झालं. सुरुंगवाल्याच्या बायकोने एकदा विषय काढला, मधलं दार आता उघडू या का? दादाने नुसती मान हलवली. "राहू दे. चांगली बांधलीये ती भिंत," तो म्हणाला. तिथे आता वहिनीचं कपाट उभं होतं, आणि अलीकडे सुरुंगवाल्याच्या मुलीची पुस्तकं. कुणी पुन्हा विषय काढला नाही.

थंडी सरता सरता दादा गेला, सकाळी नऊच्या सुमाराला. सुरुंगवाला शेजारीच होता. शेवटचे दोन दिवस दादाला बोलता येत नव्हतं. तो नुसता हाताचा पंजा वर-खाली करायचा आणि सुरुंगवाला उशी वर सरकवायचा. खाणीतले जुने बरेचजण आले. त्यांच्यातल्या काहींनी सुरुंगवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. काहींनी ठेवला नाही.

महिनाभराने, एका सोमवारी, वहिनी त्याच्या दारात उभी राहिली. "मला दाखवता का?" म्हणाली. इतक्या वर्षांत ती कधी गुहेत उतरली नव्हती.

तो तिला घेऊन गेला. माहिती काही सांगितली नाही. तिने तिसऱ्या भोकाची खाच दाखवायला सांगितली, म्हणजे दादाने घरी सांगितलं होतं तर. तिने ती पाहिली, हात मात्र लावला नाही. मग पाण्याच्या कडेला उभी राहून विचारलं, "हे सगळे दिवे घालवता येतात का?"

"येतात. पण फार अंधार होतो, वहिनी. हाताला हात दिसत नाही."

"घालवा."

त्याने खटका खाली ओढला. त्या अंधारात तो जागचा हलला नाही. बऱ्याच वेळाने तिचं रडणं ऐकू आलं. एवढ्या दिवसांत, घरात माणसांची रीघ असताना, तिला रडताना कुणी पाहिलं नव्हतं.

"लावा आता," ती म्हणाली.

चढताना मध्येच थांबून ती म्हणाली, "मला वाटलं होतं, ज्यापायी माझ्या घराचे दोन तुकडे झाले, ते बघून राग येईल."

"आला?"

"थोडा आला." तिने पदराने तोंड पुसलं. "बाकी सुंदर आहे."

वर आल्यावर ती दगडावर बसली, पाणी प्यायली. मग बाटलीचं झाकण लावता लावता म्हणाली, "उद्या सकाळी या, भाऊजी. त्यांचे बूट, हत्यारं, सगळं तसंच पडलंय. मला एकटीला हात लावायचा धीर होत नाही."

"येतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने सकाळच्या दोन्ही फेऱ्या दुसऱ्याला दिल्या आणि तो गेला. दोघांनी मिळून दुपारपर्यंत सगळं बाहेर काढलं, पुसलं आणि जे ठेवायचं होतं ते ठेवलं.